गेलेल्यांना आवतन देणारी

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत यंदा तिच्यावर एक पान छापून आलं. ते मीच लिहिलं होतं. त्यात तिच्या पाठांतराची आणि साधेपणाची स्तुती आहे, आणि शेवटी शेवटी एक वाक्य आहे: ‘वयोमानामुळे अलीकडे त्यांनी धवलारिणीचं काम थांबवलं होतं.’ हे वाक्य खोटं आहे. लिहिताना मला ते माहीत होतं.

तिनं काम का थांबवलं याचं खरं कारण तीनच माणसांना ठाऊक होतं. त्यातली ती स्वतः गेली. दुसरी सांगणार नाही, का ते पुढे येईल. तिसरा मी. नऊ वर्षं मी ही गोष्ट टाळली. लिहायला बसलो की कुठलं तरी काम आठवायचं, पेन्शनचा दाखला, गुडघ्याचं औषध, काहीही. आता शहात्तर पूर्ण झाली आहेत. हात अजून थरथरत नाही, तोवर लिहून टाकतो.

स्मरणिकेत मी तिला ‘त्या’ म्हटलं होतं. इथे ‘ती’ म्हणतो, कारण आम्ही सगळे तिला अगं-तुगंच करायचो. तिचं नाव लिहीत नाही. सगळी गावं तिला ‘बाय’ म्हणायची, तेवढं पुरे.

धवलारीण म्हणजे काय हे पनवेल-उरणच्या बाहेरच्यांना सांगावं लागतं. आमच्या आगरी-कोळी लोकांत लग्न लावायला भटजी येतो तो नंतर, आणि काही घरांत येतही नाही. मांडव पडल्यापासून पुढारपण धवलारिणीकडे. ती तांदळाचा चौक भरते, कलश मांडते, आणि धवले म्हणते, म्हणजे लग्नाची गाणी. त्या गाण्यांनीच देव बोलावले जातात, हळद लागते, मुलगी बोहल्यावर चढते. पोथी नाही, सगळं तोंडपाठ. देवांना आवतन देऊन झालं की ती त्या घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन बोलावते. आजे, पणजे, सगळे. मांडवात येऊन बसा, पोरांना आशीर्वाद द्या, असं. ती नावं ऐकताना म्हाताऱ्या बाया पदर डोळ्याला लावतात.

बाय उंच आणि काटक होती. गुडघ्यापर्यंतचं आगरी पद्धतीचं लुगडं आणि हातात पाण्याचा स्टीलचा डबा. लग्नघरचं पाणीसुद्धा ती आपलं काम संपेपर्यंत पीत नसे. कोणी गाडी पाठवली तर गाडी रिकामी परत जायची, ती सहा आसनी रिक्षा पकडून यायची. विधी झाल्यावर एक नारळ, शेरभर तांदूळ आणि चोळीचा खण घ्यायची. बंगल्यातही तेवढंच आणि चाळीतल्या खोलीतही तेवढंच.

लग्नाबाहेर ती गात नसे. गुणगुणतसुद्धा नसे. एकदा मुंबईहून कॅमेरा घेऊन दोघं आले होते, आपली लोककला वगैरे टिपायला. मीच त्यांना तिच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी माईक लावला, दिवे लावले. ती म्हणाली, “लगीन कोनाचा हाय?”

“लग्न नाही आजी. शूटिंग आहे. तुम्ही फक्त देवांना बोलावता ते गाणं म्हणा.”

“आनि ते आयलं तर? बसवू कुटं त्यांना? तुज्या पेटीवर?”

तो पोरगा हसला. ती हसली नाही. तिनं त्यांना चहा दिला आणि पाठवून दिलं. परत येताना मी थोडा रागावलोच होतो. मला वाटायचं, अडाणी हट्ट आहे. मी आयुष्यभर मुख्याध्यापक. जे आहे ते लिहून ठेवावं, मुलांना द्यावं, परीक्षा घ्यावी, हे माझं शास्त्र.

त्याच शास्त्रानं मी धवलारिणींचा प्रशिक्षण वर्ग काढला. म्हाताऱ्या धवलारिणी एकेक करून जात होत्या. नव्या मुलींना गाणी येत नव्हती. मी मंडळाचा चिटणीस होतो. समाजमंदिरात सहा महिन्यांचा वर्ग ठेवायचा, शेवटी प्रमाणपत्र द्यायचं, असं ठरवलं आणि बायला शिकवायला बोलावलं. ती आली. प्रमाणपत्राचं ऐकून म्हणाली, “कागुद देवांना वाचता येतो का मास्तर?” पण आली.

पहिल्या दिवशी चौदा बायका आल्या, वह्या-पेनं घेऊन, दोघी तर नवीन साड्या नेसून. बायनं वह्या पिशवीत ठेवायला लावल्या. मग कोपऱ्यातली तांदळाची गोणी सोडली, प्रत्येकीसमोर सूप ठेवलं आणि म्हणाली, “निवडा.”

“गाणी कधी शिकवणार, बाय?”

“खडं काढा पयलं.”

अर्धा तास शांततेत गेला. मग एकीनं शेजारणीला काही सांगितलं. तिनं पुढचीला. चार वाजेपर्यंत त्या सभागृहात कोन गावातल्या कुठल्या घरात सून नांदत नाही, कोणाच्या पोराचं कुठे जमलं आणि कुठे मोडलं, हे सगळं मलासुद्धा ऐकू आलं, आणि मी व्हरांड्यात बसलो होतो. बाय उठली. सूपं गोळा केली. मग एकेकीच्या पुढ्यात उभी राहून, “तू उद्या ये, तू नको, तू नको, तू ये” असं म्हणत गेली. चौदातल्या नऊ घरी गेल्या.

मी तावातावानं आत गेलो. “बाय, हे काय? ती दुसऱ्या रांगेतली, काय गळा आहे तिचा! रेडिओवर गाते ती.”

“मंग गाऊ दे रेडिवर. रेडिवाल्याच्या घरात लपवायसारखा काय नसल.” ती पाट उचलत होती. “मास्तर, लग्नाच्या घरात धवलारीन चुलीपरत जाते. कोन कोनाशी बोलत नाय, कोनाला पोर रात नाय, सगला दिसतो. तो भायेर नेनारी नको मना. गला नसला तरी चालल.”

राहिल्या पाच. त्यातल्या दोघींना तिनं चपलांवरून काढलं, म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं. एका हळदीला ती त्यांना सोबत घेऊन गेली होती. त्या घरात एका बाईचा नवरा महिन्यापूर्वीच गेला होता, म्हणून ती पडवीत एकटी मागे बसली होती. ह्या दोघी चपला काढून तिच्यावरून पुढे गेल्या, हसत. बायनं परतताना त्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. “जी बसलेली हाय तिच्याकडं पयलं जायाचा. मांडव कुटं पलून जात नाय.”

आणखी एक स्वतः सोडून गेली. तिला वाटलं, सहा महिने झाले, आता प्रमाणपत्र मिळेल. बायनं सांगितलं, तीन वर्षं माझ्यामागून चालायचं, पाण्याचा डबा धरायचा, मग बघू. उरलेल्या दोघींपैकी एकीची बदली झाली. शेवटी एक राहिली, कामोठ्याची. ती सेक्टरमधल्या दोन खोल्यांत मुलांच्या शिकवण्या घ्यायची, बी.कॉम. झालेली, तिशीतली, आवाज जरा बसका. मी तिला शिकवणीवाली म्हणतो, तिलाही ते चालतं. तीन वर्षं ती शनिवार-रविवारच्या शिकवण्या बंद ठेवून बायच्या मागून गेली. बाय तिला गाडीवर बसू द्यायची नाही. ती घरून ॲक्टिव्हा घेऊन निघायची, गावाबाहेर लावायची आणि उरलेलं अंतर चालायची.

बायची शिकवण अशी चालता चालताच असायची. एकदा मी त्यांच्याबरोबर होतो तेव्हा तिनं सांगितलेला एक नियम मी नीट ऐकला. गेलेल्यांची नावं आदल्या दिवशी घरातून विचारून घ्यायची असतात. एकाकडून घ्यायची नाहीत. एका बाईकडून आणि एका पुरुषाकडून, वेगवेगळं बसून. आधी बाईकडून.

“आधी बाईकडून का?” शिकवणीवालीनं विचारलं.

“बाप्ये सात-बारावरची नावां सांगतान. बाया मेलेली पोरां सांगतान.”

माझीही एक मुलगी दीड वर्षाची असताना गेली आहे. कुठल्याही कागदावर तिचं नाव नाही.

“आनि ध्यान ठेव,” बाय पुढे म्हणाली, “जित्या मानसाचा नाव मेलेल्यांत गेला, तर तवाच पाटावरना उठायचा. परत कलसाला हात लावायचा नाय. कंदी नाय.”

“एवढं काय बाय? चूक कोणाची होत नाही?” मी म्हणालो.

“मास्तर चुकला तर पोरगा नापास व्हतो, पुढल्या वर्षी बसतो. आपून चुकलो तर बाई कपालाचा कुंकू पुसते.”

आणखी एक प्रसंग सांगतो, कारण त्यात ती मला सगळ्यात जास्त दिसते. द्रोणागिरीकडे गोदामं भाड्यानं देऊन मोठा झालेला एक गृहस्थ. त्याच्या पोराची हळद फार्महाउसवर. डीजे, ड्रोन, कारंजं. कार्यक्रमाची व्यवस्था बघणारी एक मुलगी कानाला यंत्र लावून फिरत होती. ती बायजवळ आली. “आजी, धवल्यांना आपल्याकडे पंधरा मिनिटं आहेत. मग एंट्री आहे.”

“तुज्या घड्यालात किती हाईत ते तुला म्हायती बाय. माज्याकडं यांच्या चार पिढ्या हाईत. एकेकाला उठवून आनायचा. त्यांना काय गाडी हाय?”

“आजी, प्लीज ना. थोडं शॉर्टमध्ये.”

“मंग तू सांग, कोनाला नको बोलवू? याच्या आज्याला का आजीला?”

मुलगी नवऱ्यामुलाच्या आईकडे बघायला लागली. ती बाई भरजरी साडीत घामाघूम झालेली, तिनं हात जोडले आणि खाली चौकाजवळ मांडी घालून बसली. पाऊण तास लागला. डीजेवाल्या पोरानं दहाव्या मिनिटाला आवाज कमी केला, विसाव्याला बंद केला. त्याच आठवड्यात कोन गावच्या एका चाळीत, एका खोलीच्या घरात, ती दीड तास गायली. मी विचारलं तर म्हणाली, “गरिबाच्या घरात गेलेली जास्त असतान मास्तर. वेल लागतो.”

आता माझ्या घरातलं सांगतो.

माझा एक चुलतभाऊ होता, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. जहाजावर खलाशी म्हणून गेला. पहिली काही वर्षं पत्रं आली, मग बंद झाली. कंपनीनं कळवलं की तो एका बंदरात उतरला तो परत चढलाच नाही. एवढंच. वहिनी आमच्याच अंगणातल्या दुसऱ्या घरात राहायची. मूलबाळ नव्हतं. रोज सकाळी आंघोळ झाली की मोठं कुंकू लावायची, रुपयाएवढं. वटपौर्णिमेला वडाला जायची. घरातलं कोणी तिला कधी काही बोललं नाही.

आमच्या जमिनी गेल्या आणि त्याबदल्यात भूखंड मिळायची वेळ आली तेव्हा वारसांची यादी द्यायची होती. घरात लिहिता-वाचता येणारा मी. चुलतभाऊ बेपत्ता म्हणून लिहिलं तर प्रकरण किती वर्षं अडकेल याचा नेम नव्हता. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या नावापुढे ‘मयत’ असं लिहिलं. खाली वहिनीचा अंगठा लागत होता. मी तिला कागद वाचून दाखवला, तो एक शब्द सोडून. तिनं अंगठा दिला.

तिचा हिस्सा आम्ही बुडवला नाही. तिला घर बांधून दिलं, ते अजून उभं आहे. पण तिला कागदावर विधवा केलं आणि ते तिला सांगितलं नाही.

पुढे बरीच वर्षं गेली. माझी बायको गेली. त्यानंतर दोन वर्षांनी धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्या गावची धवलारीण तोवर वारली होती, म्हणून मी बायला बोलावलं. आमच्या घरात ती पहिल्यांदाच काम करणार होती. आदल्या दिवशी संध्याकाळी शिकवणीवालीला घेऊन नावं विचारायला आली.

“घरची बाई कोन?” तिनं विचारलं.

“बायको नाही राहिली. वहिनी आहे, पण ती उरणला माहेरची माणसं आणायला गेलीय. उद्या सकाळी येईल.”

“मंग मी सकाली तिला इचारतंय.”

“सकाळी काय गडबड असते, तुला माहीत आहे. हे बघ, मी यादी करून ठेवलीय. पाच पिढ्यांची. कागदपत्रांवरून उतरवलीय, एक काना चुकायचा नाही.”

ती उभीच होती. “दोघांकडना घेतंय मी, मास्तर.”

“माझ्यावर विश्वास नाही तुझा?” मी हसत म्हणालो, पण मला खरंच लागलं होतं. इतकी वर्षं वर्ग चालवला, हिच्यासाठी भांडलो, आणि माझ्याच घरात माझा शब्द तपासायला वहिनी पाहिजे? “बाय, मी मुख्याध्यापक होतो. यादी करणं एवढंच तर मला येतं.”

तिनं पाण्याचा डबा खाली ठेवला. मग म्हणाली, “बरा.” शिकवणीवालीनं कागद घेतला आणि पडवीत बसून तिला हळूहळू वाचून दाखवला. बायनं एकदा ऐकला, डोळे मिटून पुन्हा म्हटला. मी यादीत कागदावर नसलेली आमची दीड वर्षाची मुलगीही घातली होती, बायच्याच शिकवणीनं. तिचं नाव आलं तेव्हा तिनं डोळे उघडून मान हलवली. मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

ती यादी मी वारसांच्या त्या जुन्या फायलीतून उतरवली होती. ‘मयत’ असं ज्यांच्यापुढे होतं ती सगळी नावं, एकाखाली एक. चुलतभावाचं नाव लिहिताना हात थांबला नाही. मी पुष्कळदा आठवून पाहिलंय, थांबला असेल का म्हणून. नाही थांबला. माझ्या हिशेबी तो मी लिहिलं त्या दिवशीच मेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात चौक भरला. वहिनी उरणहून आली होती, हिरव्या लुगड्यात, हळदीचं ताट हातात घेऊन पहिल्या ओळीत. बायनं देवांना बोलावलं. मग माझ्या पणजोबांना, आजोबांना, वडलांना. माझ्या बायकोचं नाव आलं तेव्हा मुलगी रडली. मग आमची ती लहान मुलगी. आणि मग बायनं त्याच सुरात चुलतभावाचं नाव घेतलं आणि त्याला मांडवात येऊन बसायला सांगितलं.

वहिनी ओरडली नाही. ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, “कोनाचा नाव घेतलास तू?”

धवले मध्ये थांबलेले मी आयुष्यात कधी ऐकले नव्हते. सगळा मांडव एकदम बोलायला लागला. “म्हातारीला भूल पडली.” “जित्या मानसाला बोलीवते काय?” “हिला कशाला बोलावली?” माझ्या पुतण्यांपैकी एक जण तर तिच्या अंगावर धावून गेला, “ए म्हातारे, तोंड सांभाळ.” वहिनी कपाळावर हात ठेवून उभी होती, कुंकू झाकून, जसं काही ते कोणी पुसायला येणार होतं.

बायनं माझ्याकडे बघितलं. तिला तेव्हाच सगळं कळलं होतं. मी खुर्चीत बसून होतो. एक वाक्य उठून म्हणायचं होतं, ‘यादी मी दिली.’ पण पुढचा प्रश्न आला असता, तू का लिहिलंस, आणि मग तो कागद, तो अंगठा, सगळं व्याह्यांसमोर. मी मांडवाच्या खांबाला बांधलेल्या केळीकडे बघत राहिलो.

शिकवणीवालीनं पर्स उघडली. कागद आत होता. बायनं तिचं मनगट धरलं.

“घरचा घरात,” ती हळू म्हणाली. मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं.

मग ती पाटावरून उठली. वहिनीपेक्षा ती वयानं मोठी. तिनं वाकून वहिनीच्या पायाला हात लावला. “माजी चूक, बाय. माज्या तोंडातना गेला. तुजा धनी जिता हाय. कुंकवाला हात लावू नको.” आणि शिकवणीवालीला पाटावर बसवून म्हणाली, “आता तू.” ती मांडवाबाहेर जाऊन बसली, उन्हात. विधी पुरे होईपर्यंत तिथेच होती. शिकवणीवालीच्या आवाजात माझ्या मुलीला हळद लागली, आणि पुढे लग्नही.

त्यानंतर तिनं कलशाला हात लावला नाही. नियम तिनंच घातला होता. लोकांनी बोलावलं असतं तरी ती गेली नसती, पण लोकांनी बोलावलंही नाही. तिची जीभ काळी आहे, असं बायका म्हणायच्या. रस्त्यात नवी नवरी दिसली तर तिची सासू तिला पलीकडच्या बाजूनं न्यायची. हे मी दोनदा डोळ्यांनी पाहिलं.

लग्नानंतर आठवड्यानं वहिनीनं विचारलं, “भावजी, तिना का घेतला वो यांचा नाव? तिला काय कलला असल का?”

“छे. म्हातारी आहे. चुकली,” मी म्हणालो. हे माझं दुसरं खोटं. स्मरणिकेतलं तिसरं.

शिकवणीवाली महिन्याभरानं माझ्याकडे आली. चहाही घेतला नाही. “सर, तुम्ही सांगणार आहात ना?”

“सांगतो. वहिनीचं काय होईल तेवढं बघू दे.”

“मी नाही सांगू शकत. मला तसं शिकवलंय. म्हणून तुम्हाला विचारते.” तिनं कागद माझ्या टेबलावर ठेवला, चार घड्या घातलेला, आणि निघाली. ती आता पनवेल-उरणमधली सगळ्यांत मानाची धवलारीण आहे. तिच्या तोंडून माझ्याबद्दल एक शब्द कधी बाहेर गेला नाही, आणि तिच्यासमोर मी कधी मान वर करून बसलो नाही.

वहिनीचं कारण पाच वर्षं पुरलं. मग वहिनी गेली, कपाळभर कुंकू लावून, सवाष्णीसारखी ओटी भरून आम्ही तिला नेली. आता सांगायला काही अडचण नव्हती. तेव्हा मला कळलं की वहिनीचं कारण नव्हतंच.

बाय तोवर मुलाकडे कामोठ्याला राहायला गेली होती, तिसऱ्या मजल्यावर. मी जायचो. कधी आंबे घेऊन, कधी सुकट घेऊन. ती दाराजवळ खाली बसलेली असायची. लिफ्टला शिव्या द्यायची, खिडकीत घाण करणाऱ्या कबुतरांना शिव्या द्यायची, सुनेनं आणलेल्या गव्हाच्या बिस्किटांना नावं ठेवायची. मला बघून तोंड फिरवलं असं एकदाही झालं नाही. मी तासभर बसायचो, पाऊसपाणी, विमानतळ, कोणाचं पोर कुठे लागलं, सगळं बोलायचो. उठताना ती म्हणायची, “बसा अजून. घाई काय हाय?” आणि मी म्हणायचो, नको, उशीर होतो. हे चार वर्षं चाललं.

गेल्या हिवाळ्यात तिनं अंथरूण धरलं. शिकवणीवालीनं फोन केला, एवढंच म्हणाली, “सर, या आता.” वाटेत रिक्षात मी वाक्य पाठ केलं. मुलांना भाषणं पाठ करून घ्यायचो, तसं.

तिला उशीला टेकवून बसवलं होतं. हात अगदी हलके झाले होते. शिकवणीवाली वाटीतून पेज भरवत होती. मी स्टुलावर बसलो आणि घाईनंच सुरुवात केली, “बाय, त्या हळदीच्या दिवशी—”

“थांबा मास्तर.” तिनं हात वर केला. मग शिकवणीवालीकडे वळली. “तू जरा भायेर जा. दार वढून घे. त्यांच्या घरचा हाय.”

शिकवणीवालीला सगळं माहीत होतं. बायलाही ठाऊक होतं की तिला माहीत आहे. तरी ती वाटी ठेवून उठली आणि दार ओढून घेतलं.

बायनं लुगड्याचा पदर नीट केला, मांडी सारखी केली आणि माझ्याकडे बघत राहिली. कोणाच्या घरी नावं विचारायला गेली की ती अशीच बसायची. खाली इमारतीच्या आवारात पोरं क्रिकेट खेळत होती. मी तोंड उघडलं.

“औषध घेतलंस का आजचं?”

ती थांबली. मग म्हणाली, “घेतला.” आणि दाराकडे वळून तिनं हाक मारली, “ये ग आत.”

पाचव्या दिवशी ती गेली. रिक्षात पाठ केलेलं वाक्य मोठं नव्हतं. बाय, ती यादी माझी होती, तो शब्द माझ्या हातचा होता, तू चुकली नव्हतीस. सगळ्यांसमोर उठायला मी हवा होतो आणि उठलीस तू. मला माफ कर.